किलिंग जोक: हिगिन्सचे रंग की बोलंडचे? दोन्ही प्रती समोर ठेवून बसलोय

रद्दीवाला_राजा :
मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा. 'द किलिंग जोक', म्हणजे ॲलन मूरने लिहिलेलं बॅटमॅन-जोकरचं कॉमिक, मी कॉलेजात असताना वाचलं, मित्राची हार्डकव्हर प्रत, एका रात्रीत संपवलं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात त्या पुस्तकाचा रंग म्हणजे राखाडी. पाऊस, मळकट निळं आभाळ, जुन्या आठवणींची पानं तर कृष्णधवलच, त्यात मधेच एखादी लाल वस्तू. तर परवा रविवारी आमच्या इथल्या रद्दीच्या दुकानात मोटारींच्या मासिकांच्या गठ्ठ्यात एक पातळशी प्रत सापडली, कव्हरवर तोच कॅमेरा धरलेला जोकर, किंमत साडेतीन डॉलर छापलेली. दुकानदार ऐंशी म्हणाला, मी साठला घेतली. घरी येऊन उघडली आणि खरं सांगतो, मला वाटलं छपाईत घोळ झालेली प्रत आहे. जत्रेच्या पानांवर पिवळा, जांभळा, गुलाबी आणि असा हिरवा की डोळ्यात जातो. आणि आठवणींची पानं चक्क रंगीत! बायको मागून बघून म्हणाली, हे काय लग्नाच्या मांडवासारखं.

मग शोधलं तेव्हा कळलं की घोळ माझ्याच डोक्यात होता. हीच मूळ, १९८८ ची. मी इतकी वर्षं मूळ समजून डोक्यावर घेतलेली ती २००८ ची, नव्याने रंगवलेली. गोष्ट तीच, संवाद तेच, रेषाही जवळपास तीच, पण पुस्तक तेच आहे असं काही मला म्हणवेना. दोन्ही वाचलेली माणसं इथे असतील तर बोला.

मध्यरात्रीचा_मन्या :
नवीनच भारी, विषय संपला 😄

सिरियसली सांगायचं तर हे असं "कोणीतरी येऊन रंग बदलले" प्रकरण नाहीये. चित्रं ब्रायन बोलंडची, आणि त्याला रंग स्वतःच करायचे होते, पण वेळ नव्हता म्हणून काम जॉन हिगिन्सकडे गेलं. छापून आलेलं बघून बोलंडला धक्काच बसला होता, त्याच्या मनात अगदी वेगळे, थंड, विझलेले रंग होते. वीस वर्षांनी डीसीने, म्हणजे बॅटमॅनच्या प्रकाशकाने, डिलक्स आवृत्ती काढायची ठरवली तेव्हा त्याने सगळी पानं कॉम्प्युटरवर स्वतः रंगवली. म्हणजे २००८ ची आवृत्ती हीच खरी, चित्रकाराच्या मनातली. १९८८ ची म्हणजे नाईलाज.

हिरवी_मिरची :
"नाईलाज" म्हणे! मन्या, त्या नाईलाजाला १९८९ चं हार्वी पारितोषिक मिळालंय, बेस्ट कलरिस्टचं, नेमकं याच पुस्तकासाठी. त्याच्या आदल्या वर्षीही हिगिन्सलाच होतं, 'वॉचमन' या कॉमिकसाठी. म्हणजे सलग दोन वर्षं धंद्यातल्या लोकांनी मतं देऊन ज्याला सर्वांत चांगला रंगवाला ठरवलं, त्याचं काम वीस वर्षांनी खोडून टाकलं. मी पोटापाण्यासाठी हेच करते, मुलांच्या पुस्तकांना रंग भरते, त्यामुळे मला हे जरा लागतं. रेषावाल्याचं नाव मोठं, रंगवाल्याचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात, आणि मग एक दिवस तेवढंही काम कोणीतरी बदलून टाकतं आणि वाचक म्हणतात वा वा आता कसं छान झालं.

नवीन रंग वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये हां. बोलंडला रंग कळतो. पण त्याने रंगवलंय ते रेषा सांभाळून, आपली एकेक केसाएवढी रेष दिसली पाहिजे अशा बेताने. हिगिन्सने रंगवलंय गोष्ट सांगण्यासाठी. ही दोन वेगळी कामं आहेत.

मध्यरात्रीचा_मन्या :
ताई, हार्वीचं माहीत नव्हतं, मान्य. पण तो हिरवा-जांभळा डोळ्यांना त्रास देतो हे तर मान्य कराल?

हिरवी_मिरची :
जोकरची जत्रा आहे ती. बिचाऱ्या पोलीस कमिशनर गॉर्डनला विवस्त्र करून भुतांच्या आगगाडीत बसवलंय, समोर मुलीचे फोटो दाखवतायत. त्रास नको व्हायला?

उगाच_एक :
मी फक्त पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शाईकाका :
राजा, धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. कॉमिकमधलं मला फार कळत नाही, नातवामुळे थोडंफार वाचतो, पण कोल्हापुरात चौतीस वर्षं प्रेसमध्ये काढलीत, आधी ट्रेडलवर, मग ऑफसेटवर. तुम्ही सगळे रंगाबद्दल बोलताय, कागदाबद्दल कोणीच बोलत नाही.

शाई कागदावर बसते तेव्हा ठिपका फुगतो. आम्ही त्याला डॉट गेन म्हणतो. न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर, सगळ्यात जास्त फुगतो, कारण कागद टीपकागदासारखा शाई पितो. चाळीस टक्क्यांचा टिंट, म्हणजे ठिपक्यांची फिकट छटा, दिला तर कागदावर पंचावन्न-साठसारखा दिसतो, वर कागद मुळातच मळकट, म्हणजे पांढरा असा पांढरा नाहीच. त्यामुळे अमेरिकेतल्या जुन्या कॉमिकचे रंगवाले रंग देतानाच भडक, स्वच्छ द्यायचे, कागदावर मळून ते बरोबर बसायचे. त्यांच्याकडे रंगही मोजके. पिवळा, लाल, निळा, प्रत्येकाचे पंचवीस, पन्नास आणि शंभर असे तीन टिंट आणि चौथा म्हणजे काहीच नाही. चार गुणिले चार गुणिले चार, झाले चौसष्ट. रंगवाला छोट्या प्रतीवर ब्रशने रंग लावायचा आणि शेजारी कोड लिहायचा, पुढे सेपरेशन, म्हणजे रंग वेगवेगळे करायचं काम, करणाऱ्या बायका हाताने एकेक फिल्म तयार करायच्या. हे सगळं न्यूजप्रिंटसाठी बेतलेलं. तेच आकडे तसेच उचलून गुळगुळीत पांढऱ्या कागदावर छापलेत तर पिवळा अंगावर येणारच. दोष रंगवाल्याचा नव्हे.

हिरवी_मिरची :
काका, सुंदर समजावलंत, पण एक दुरुस्ती. किलिंग जोक साध्या मासिकाच्या कागदावर नव्हतंच. ते पहिल्यापासून चांगल्या कागदावर, चौकोनी पाठीचं, महाग पुस्तक म्हणूनच निघालं होतं. तेव्हाची साधी अंकं पाऊण डॉलरला मिळायची आणि हे साडेतीनला. म्हणजे हिगिन्सला कागद माहीत होता. तो भडकपणा चुकून झालेला नाही, त्याने ठरवून केलाय.

शाईकाका :
असं होय. मग माझा निम्मा मुद्दा गेला. 🙂 पण निम्मा राहिला, खाली लिहितो, आत्ता जेवायला बोलावतायत.

न्यूजर्सीकर :
नमस्कार, उशिरा आलो. ज्यांना दोन्ही बघायचेत त्यांच्यासाठी माहिती. २०१८ ला तिसाव्या वर्षाची ॲब्सोल्यूट आवृत्ती निघाली, मोठ्या आकाराची, तिच्यात हिगिन्सचे रंग आणि बोलंडचे रंग दोन्ही आहेत, आणि ॲलन मूरची मूळ संहिताही. माझ्याकडे आहे, वजन इतकं की झोपून वाचता येत नाही, छातीवर पडली तर बॅटमॅनच यायला हवा. स्वस्तात हवं असेल तर ॲलन मूरच्या डीसीमधल्या गोष्टींचा एक संग्रह २००६ ला निघालेला, त्यात किलिंग जोक जुन्या रंगांत आहे, कारण तेव्हा नवीन रंग जन्मालाच आले नव्हते.

वापरलेली प्रत ऑनलाइन घेणार असाल तर जपून. मी एकदा "ओरिजिनल कलर" असं ठळक लिहिलेली मागवली, आली २००८ ची. विकणाऱ्याला फोटो पाठवून विचारलं तर म्हणतो सर कलरच आहे ना, ब्लॅक अँड व्हाइट कुठे आहे. यावर काय बोलणार.

ओळखायची सोपी खूण सांगतो, बॅटमॅनची छाती बघा. जुन्यात वटवाघळाभोवती पिवळा लंबगोल आहे, बोलंडने नवीनमध्ये तो काढून टाकलाय.

मध्यरात्रीचा_मन्या :
अरे हो की!! मी दहा वेळा वाचलंय, हे कधी लक्षातच आलं नाही 🤦

चष्मिष्ट :
तो लंबगोल हा माझा खरा राग आहे. रंग थंड केले, आठवणी राखाडी केल्या, हे सगळं आवडीनिवडीत बसतं. पण तो पिवळा लंबगोल १९६४ साली बॅटमॅनच्या छातीवर आला आणि १९८८ मध्ये, म्हणजे हे पुस्तक निघालं तेव्हा, तो तिथे होताच. तो काढला की पुस्तकाचं वय पुसलं जातं. आजचा वाचक ते उघडतो आणि त्याला वाटतं हा कालपरवाचाच बॅटमॅन. आपल्याकडे जुन्या वाड्याचं लाकडी दार काढून ॲल्युमिनियमचं स्लायडिंग लावतात तसं, उघडायला सोपं, पण वाडा कुठला?

मध्यरात्रीचा_मन्या :
सर, पण गडद गोष्टीत छातीवर पिवळा दिवा लावून फिरणारा माणूस विचित्र दिसतो ना. बॅटमॅनच्याच 'इयर वन'मध्येही नाहीये लंबगोल आणि ते तर १९८७ चं आहे, किलिंग जोकच्याही आधीचं.

चष्मिष्ट :
इयर वन ही बॅटमॅनच्या पहिल्या वर्षाची गोष्ट आहे रे, तिथे तो नसणंच बरोबर. इथे तो जोकरशी वर्षानुवर्षं झुंजून थकलाय, गोष्ट सुरूच होते ती "तुझ्यामाझ्यातलं हे कुठे जाणार" या प्रश्नावर. त्याच्या छातीवर तो जुना दिवा असायलाच हवा.

उगाच_एक :
टोलेजंग मुद्दा. पॉपकॉर्न संपत आले.

शाईकाका :
जेवण झालं. इयर वनचा विषय निघालाच आहे तर माझा उरलेला निम्मा मुद्दा तिथे बसतो, नातवाने मला ते दाखवलंय. ते १९८७ ला मासिकात साध्या कागदावर आलं, नंतर पुस्तक करताना चांगला कागद मिळाला, तेव्हा रिचमंड लुईस या बाईंनी, ज्यांनी आधीचे रंग केले होते त्यांनीच, सगळं पुन्हा रंगवलं. हे मला पटतं. कागद बदलला की रंग बदलावेच लागतात, पण ज्याने पहिला हात लावला त्यानेच दुसरा लावावा. आमच्याकडे एखाद्याचं जॉब बिघडलं तरी दुसरा मशिनमन त्याच्या शाईच्या चाव्यांना हात लावत नसे. आधी त्याला हाक मारायची.

हिरवी_मिरची :
काका 🙏 अगदी. वॉचमनचंही असंच झालं, २००५ च्या मोठ्या आवृत्तीसाठी हिगिन्सने स्वतः बसून रंग नव्याने केले. म्हणजे तो काही "माझं जुनंच राहू द्या" म्हणून अडून बसणारा माणूस नव्हे. वॉचमनचे रंग आठवा, नेहमीच्या सुपरहिरोंचे लाल-निळे-पिवळे बाजूला ठेवून त्याने जांभळा, नारिंगी, हिरवा असे मिश्र रंग पुढे आणले. किलिंग जोकमधली जत्रा त्याच घरातून आलीय. बोलंडला ते घर आवडलं नाही, ठीक, पण त्याला घाणेरडं म्हणायचं काम वाचकांनी करू नये.

आणि एक गंमत सांगते. २००८ च्या त्या नव्या रंगांच्या आवृत्तीला प्रस्तावना कोणाची आहे माहितीये? टिम सेलची. मोठा चित्रकार, पण रंगांधळा होता! त्याला यात काही कमी लेखायचं नाहीये, त्याची काळी-पांढरी चित्रं बघत राहावीत अशी आहेत. पण रंगांवरून वीस वर्षं भांडण आणि प्रस्तावना याची, यापेक्षा मोठा किलिंग जोक कुठला.

रद्दीवाला_राजा :
हे भन्नाट आहे 😂

बरं, आता मी काय केलं ते सांगतो. काल रात्री दोन्ही प्रती टेबलावर शेजारी ठेवल्या आणि पानोपान बघत गेलो. पहिल्या पानावर, पावसाच्या डबक्यापाशी, फारसं बिनसत नाही. अर्कममध्ये, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, बॅटमॅन कोठडीत बसून पत्ते लावणाऱ्या माणसाशी बोलतो, त्याचा हात धरतो आणि हातमोज्याला पांढरा रंग लागतो, म्हणजे हा खरा जोकर नव्हेच. हे दोन्हीकडे चालून जातं. मजा म्हणजे त्या एका चौकटीत रंग हाच पुरावा आहे, तोंडाला फासलेला रंग हाताला लागला म्हणून गोष्ट पुढे सरकते, आणि आपण इथे रंगावरूनच भांडतोय.

फरक कळतो तो पहिल्या आठवणीपाशी. जोकर पडक्या जत्रेत उभा आहे आणि पुढच्या चौकटीत तशाच ढंगात उभा असलेला एक पडेल चेहऱ्याचा नवरा, पोटुशी बायको, भाड्याची खोली. नवीनमध्ये इथे रंग एकदम बंद होतो, दिवे गेल्यासारखा. जुन्यात उडी एवढी मोठी नाही, रंग चालूच राहतो, त्यामुळे मी क्षणभर अजून जत्रेतच असल्यासारखा होतो. कुठलं बरोबर मला ठरवता येईना. म्हणून विचारतोय.

चष्मिष्ट :
राजा, तू आता नेमक्या जागी आलास. लंबगोलाचा राग सोडतो, खरं भांडण इथे आहे.

गोष्टीत जोकर स्वतःच काय म्हणतो आठव. आपला भूतकाळ त्याला कधी असा आठवतो, कधी तसा, आणि भूतकाळ असायचाच असेल तर तो त्याला पेपरातल्या पर्यायी प्रश्नासारखा हवा, चारपैकी कुठलाही निवडा. म्हणजे ती गरीब नवरा, मेलेली बायको, रासायनिक कारखान्यात उडी वगैरे कहाणी घडली की नाही हे मूरने मुद्दाम लोंबकळत ठेवलंय. आता बघ, कृष्णधवल फ्लॅशबॅक म्हटला की आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय? सिनेमात रंग गेला की समजायचं हे खरोखर घडलेलं, जुनं, पक्कं. बोलंडने तिथला रंग काढला त्याबरोबर त्या कहाणीवर "खरी प्रत"चा शिक्का बसला. हिगिन्सच्या पानांवर मात्र भूतकाळही त्याच वेड्या डोळ्यांतून आलेला, जत्रेइतकाच अंगावर येणारा, त्यामुळे शंका राहते की हा माणूस आत्ता हे रचतोय की काय. मूरच्या शब्दांशी हिगिन्स जास्त इमानदार आहे असं माझं मत आणि मी ते पंचवीस वर्षांपासून, म्हणजे नवीन यायच्याही आधीपासून… नाही, तेव्हा तुलना करायला काही नव्हतं, पण २००८ पासून नक्की, धरून आहे.

मध्यरात्रीचा_मन्या :
सर, यावर मी एकटा पडणार हे दिसतंय. मिरची ताई तुमच्याच बाजूने.

हिरवी_मिरची :
नाही रे, इथे मी तुझ्या बाजूने. थांब.

चष्मिष्ट, तुम्ही म्हणता ते नुसतं कृष्णधवल असतं तर पटलं असतं. पण ते नुसतं कृष्णधवल नाही ना. दारूच्या गुत्त्यातलं पान काढा. तो दोन गुंडांबरोबर बसलाय, कारखान्यात शिरायचा बेत चाललाय, टेबलावर कोळंबीची वाटी. अख्खं पान राखाडी आणि कोळंबी तेवढी लाल. तिथेच पोलीस येऊन सांगतात की बायको गेली, बाळाच्या बाटलीचा हीटर तपासताना. आता सांगा, ही काय सरकारी दफ्तरातली नोंद आहे?

माझे आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्या दिवसाचं मला काय आठवतं? शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या अंगात पोपटी गाऊन होता, त्यावर चहाचा डाग. आजोबांचा चेहरा आठवत नाही, कोण काय बोललं आठवत नाही, घर कसल्या रंगाचं होतं तेही नाही. पोपटी गाऊन. बास. दुःख एकाच रंगाला पकडून ठेवतं आणि तोही भलत्याच. बोलंडला हे माहीत होतं म्हणून त्याने लाल रंग कोळंबीला दिला, बायकोला नाही, पोलिसालाही नाही. एवढ्या एका वाटीसाठी मी त्याला बाकीचं बरंचसं माफ करते.

रद्दीवाला_राजा :
ताई… हे वाचून जरा थांबलो.

उगाच_एक :
पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

चष्मिष्ट :
मिरची, हे लिहिलंत त्यावर लगेच उत्तर देणं बरं दिसत नव्हतं म्हणून दिवसभर थांबलो. कोळंबीपुरतं मी हरलो, मान्य. पण एक किंतु राहतोच. तो लाल पुढे पुढे वाढत जातो, आणि शेवटी त्या लाल टोपापर्यंत पोचतो, ज्या टोपाखालून जोकर जन्मतो. म्हणजे त्याला एक चढण आहे, बेतलेली. आठवण अशी शिस्तीत चढत नाही. तुमचा पोपटी गाऊन पुढे कुठल्या पोपटी गोष्टीकडे घेऊन जात नाही ना? तो नुसता असतो. बोलंडचा लाल मात्र कामाला लावलेला आहे, त्याच्यामागे लेखकाची पट्टी दिसते.

हिरवी_मिरची :
पट्टी तर मूरचीही दिसते हो, प्रत्येक चौकटीत. पहिल्या पानावर डबकं आणि शेवटच्या पानावर डबकं, मधल्या प्रत्येक आठवणीत शिरताना तीच पोझ, बाहेर पडताना तीच पोझ. या पुस्तकात शिस्तीशिवाय आहेच काय.

चष्मिष्ट :
म्हणूनच कोणीतरी बेशिस्त हवा होता. तो हिगिन्स.

मध्यरात्रीचा_मन्या :
हे वाक्य मी चोरणार आहे.

पिंपळावरचा_वेताळ :
इंग्रजी कॉमिकवाल्यांच्या पंगतीत आमचंही एक पान वाढा. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समध्ये आम्ही वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, वाचला, जांभळ्या कपड्यातला. आमच्यासाठी जांभळा म्हणजेच वेताळ. मोठेपणी कळलं की त्याचा जन्मदाता ली फॉक, त्याच्या डोक्यात तो राखाडी होता! १९३६ ला रोजच्या काळ्यापांढऱ्या पट्टीत सुरू झाला, तेव्हा प्रश्नच नव्हता, १९३९ ला रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि छापून आला जांभळा. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत लाल. आता मला सांगा, उद्या कोणी फॉकच्या मनातला म्हणून राखाडी वेताळ छापून आणला तर मी तो "मूळ" म्हणून घ्यायचा का? माझा मूळ वेताळ जांभळाच आहे आणि मी त्याच्यासोबतच जाणार.

न्यूजर्सीकर :
वेताळभाऊ, हाच तर राजाचा प्रॉब्लेम आहे. त्याचा "पहिला" राखाडी आणि खरा पहिला जांभळा-पिवळा. तुमच्या बरोब्बर उलटं.

बाय द वे, 'सँडमन' या कॉमिकचंही असंच. २००६ च्या मोठ्या आवृत्तीत पहिले अठरा अंक नव्याने रंगवले. तिथे मला नवीन जास्त आवडलं आणि अजिबात अपराधी वाटलं नाही. का ते माहीत नाही. कदाचित जुनं मी आधी वाचलंच नव्हतं म्हणून.

शाईकाका :
राजा, एक काम कर. तू रात्री टेबलावर बघितलंस म्हणालास. घरात एलईडी असणार, पांढरी भगभगीत. त्या उजेडात रंग जुळवायला बसलास तर कुठलाही प्रेसवाला तुला हाकलेल. सकाळी दहाच्या सुमाराला गच्चीवर जा, ऊन थेट नको, सावलीत उभा राहा, दोन्ही प्रती उघड आणि आधी रंग बघू नकोस, पांढरा बघ. जोकरचा चेहरा बघ. मग सांग.

रद्दीवाला_राजा :
काका, गेलो होतो. आज सुट्टी होती.

एक तर, पिवळा रात्री ओरडत होता तो सावलीत बराच शांत झाला. हळदीसारखा दिसला, विजेच्या दिव्यासारखा नाही. जांभळा आहे तसाच आहे, तो काही ऐकत नाही. आणि तुम्ही म्हणालात तसा जोकरचा चेहरा बघितला. नवीनमध्ये पांढरा, अगदी चुन्यासारखा. जुन्यात तो पांढरा नाहीच! हस्तिदंती म्हणतात तसा. मग कडा बघितल्या तर अख्ख्या पुस्तकाचा कागदच पिवळट पडलाय, कडेला जास्त, मध्ये कमी. चेहऱ्याला शाईच नाही ना, कोरा कागद सोडलाय, मग कागद पिकला तसा जोकरही पिकला. आणि ज्या चौकटीत फिकट निळा आहे तो थोडा हिरव्याकडे झुकलाय, तोही त्यामुळेच असणार.

म्हणजे मी "मूळ रंग मूळ रंग" करतोय ते १९८८ साली दुकानात दिसत होते तसे मला दिसतच नाहीयेत. सदतीस-अडतीस वर्षं आणि कोणाच्या तरी माळ्यावरचे पावसाळे त्यात मिसळलेत.

शाईकाका :
तेच तुला दाखवायचं होतं. भिंग असेल तर काळ्या रेषेच्या कडेला बघ, रंग बाहेर सांडलाय का.

रद्दीवाला_राजा :
मुलाच्या सायन्स किटमधलं भिंग आहे. सांडलाय काही पानांवर. बॅटमॅनच्या लंबगोलाला डाव्या बाजूने पिवळी किनार आहे, जरा घसरलेली, केसभर. नवीनमध्ये तर लंबगोलच नाही, काय घसरणार.

शाईकाका :
रजिस्टर हललंय, म्हणजे रंगांचे छाप एकमेकांवर नीट बसले नाहीत. त्या दिवशीचा मशिनमन घाईत असणार. बरं वाटलं ऐकून.

न्यूजर्सीकर :
राजा, मी ॲब्सोल्यूटमधल्या जुन्या रंगांच्या पानांचे फोटो काढतो, खिडकीजवळ, शेजारी पांढरा कागद ठेवून. ती छपाई नवीन आहे, कागद पिकलेला नाही. तू तुझ्या प्रतीचे तसेच काढ. मग तिन्ही शेजारी ठेवू, तुझी पिकलेली, माझी ताजी आणि बोलंडची. कुठलं पान घेऊ?

हिरवी_मिरची :
कोळंबी! कोळंबी!

चष्मिष्ट :
कोळंबीला माझाही पाठिंबा. जुन्या प्रतीत ती वाटी इतर रंगांत कशी हरवते ते बघायचंय, तिथे माझा मुद्दा परत उभा राहतो का बघतो.

शाईकाका :
राजा, फोटो काढताना पान सपाट करायला पुस्तक पूर्ण उलगडू नकोस. दोन्ही हातांनी हळू धर. चिकटवलेली पाठ आहे, इतक्या वर्षांनी गोंद कडक होतो, पान सुटेल.

रद्दीवाला_राजा :
काका, उशीर झाला. सकाळी गच्चीवरच सुटलं. कोळंबीचं पान हातात आहे.